वरातीनंतरचे घोडे

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी संमेलनात, डिंडोली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रस्टने पंचवीस वर्षांत काय केले हे अहवालात आलेच आहे. विद्यार्थ्यांची वह्यापुस्तके, आजाऱ्यांची औषधे, सामुदायिक विवाह ही कामे आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत झाली. आम्हांला आज ज्याविषयी बोलावयाचे आहे ते मात्र अहवालात नाही, कारण त्या बाबतीत आपण अद्याप काही केलेलेच नाही. आम्ही म्हाताऱ्या घोड्यांविषयी बोलणार आहो.

काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते आम्ही पाहिले. माणसांचेच प्रश्न सुटत नाहीत, तेथे घोड्यांची पंचाईत कशाला, असे कोणासही वाटेल. आम्हांलाही तसेच वाटत असे. ते मत कसे बदलले, तेवढे सांगतो.

काही वर्षांपूर्वी लग्नसराई संपता संपता, पाऊस तोंडावर आला असताना, आपल्या वस्तीपलीकडे रेल्वेच्या रुळांजवळ एक पांढरी घोडी उभी असलेली आढळली. मागचा एक पाय टेकवीत नव्हती. बरगड्या मोजून घ्याव्या इतक्या वर आलेल्या, डोळ्यांवरचे खळगे खोल गेलेले, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत लगामाचे जुने वण. कपाळावरच्या आयाळीत कलगीचा लाल दोरा अजून गुंतलेला होता. तो दोरा पाहिला आणि आमच्यापैकी एकाने तिला ओळखले. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी त्याच घोडीवरून मांडवात गेला होता. आणखी चौकशी करता आमच्याच गल्लीतल्या तीन वराती तिच्या पाठीवरून निघाल्याचे कळले.

मग काय विचारता! सारी आळी लोटली. "मुकं जनावर शे, बापू," म्हणत एका आजीबाईंनी गुळाचा खडाच आणला. कोणी भिजविलेले हरभरे आणले, कोणी भाकरी आणल्या, कोणी लग्नातून उरलेली बुंदी आणली. घोडी आधाशासारखी खात होती आणि आपण मोठे पुण्य करीत आहो असे समजून आम्ही आनंदाने पाहत होतो. रात्री दहाच्या सुमारास ती खाली बसू लागली, पुन्हा उठू लागली, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहू लागली. पशुवैद्यांना बोलावले. तिला कोणी सोडून दिले हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी विचारले, "हिला खायला काय काय घातले आणि कोणी?" कोणीच उत्तर दिले नाही.

त्या रात्री आम्हांला जे समजले ते आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. घोड्याला ओकारी करता येत नाही; पोटात गेलेले चुकीचे अन्न त्याला बाहेर टाकता येत नाही, आणि पोटशूळ त्याचा प्राण घेतो. त्यातून जनावर बरेच दिवस उपाशी असेल तर एकदम दाणा, गूळ वा गोड पदार्थ देणे फार घातक. अशा शरीरात रक्तातले आवश्यक क्षार एकाएकी उतरतात आणि पोटशूळातून वाचलेले जनावरही काही दिवसांत हृदय बंद पडून मरू शकते. उपाशी घोड्याला प्रथम स्वच्छ पाणी थोडे थोडे द्यावे; मग लसूणघास, ज्याला इकडे रजको म्हणतात, तो अर्धा किलोच्या बेताने दर चार तासांनी द्यावा; आणि दाण्याचे नाव पशुवैद्य सांगतील तेव्हाच काढावे. आमची भूतदया खरी होती. पण अज्ञानी भूतदया त्या रात्री घोडीचा जीव घेऊ पाहत होती. वैद्यांच्या हातगुणाने ती वाचली.

दुसरे दिवशी मालकाचा शोध लागला. चार बोल सुनवावे म्हणून आम्ही सातआठजण त्याच्या खोलीवर गेलो. खोली एक, माणसे सहा, बाहेर छपराखाली एक तरुण घोडी. गृहस्थ खाली मान घालून म्हणाला, "दोघींना पोसायची ताकद नाही. लंगड्या घोडीवर कोणी नवरदेव बसवतो का?" मग किंचित थांबून त्याने विचारले, "तुमच्या वरातीचे पैसे ठरवताना तुम्ही किती घासाघीस केली होती, आठवते का?"

आम्हांला आठवत होते. मांडववाल्याला, वाजंत्रीवाल्याला, फोटोवाल्याला मागतील ते दिले होते आणि घोडीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घातली होती. त्याने घोडी सोडून दिली हा गुन्हाच होता. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे, तसेच वयामुळे वा रोगामुळे असमर्थ झालेल्या जनावराकडून काम घेणे, हे दोन्ही त्याखाली गुन्हे आहेत. परंतु घोडीचे तारुण्य ज्यांनी स्वस्तात वापरले त्यांना तिच्या म्हातारपणाचा हिशेब मागण्याचा काय अधिकार, हा प्रश्न आम्ही बरोबर घेऊन परतलो.

बंधुहो, आपण बहुतेक सारे खानदेशची माणसे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून रेल्वेने उधन्याला उतरलो आणि येथे वसलो. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. तापीच्या काठी घोड्यांचा तो बाजार भरतो. काठेवाडी, मारवाडी जातीची उमदी जनावरे येतात. गिऱ्हाईक ओठ उचलून दात पाहते आणि वय ठरविते. तीच तापी पुढे सुरतेस येते. त्या बाजारात आम्ही अनेकदा गेलो, पण "एखादे म्हातारे घोडे आहे काय?" असे विचारणारा माणूस आम्हांस कधी भेटला नाही. बैलासाठी आपल्याकडे पोळा आहे. घोड्याला दसऱ्याची एक झेंडूची माळ मिळते, आणि तीसुद्धा तो धावता असेपर्यंत.

या सुरत शहराला मात्र ही गोष्ट नवी नाही. १६८९ साली येथे आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्याने लिहून ठेवले आहे की, शहरापासून मैलभर अंतरावर वाणी समाजाच्या खर्चाने चालणारे जनावरांचे इस्पितळ होते आणि तेथे गाईंबरोबर रोगी, लंगडे व वृद्ध घोडेही सांभाळले जात. मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने १८३४ साली पांजरापोळ निघाली. पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले. पारशी आणि जैन शेठियांनी येथे एकत्र पैसा घातला. तेव्हा म्हाताऱ्या जनावराचा सांभाळ ही आपल्या मातीतली जुनी चाल आहे.

आज प्रश्न वेगळ्या रूपाने आला आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. टांगे गेले, ओझ्याची तट्टे गेली. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला आणि त्या बंद करण्यास एक वर्षाची मुदत घातली. निर्णय आम्हांस योग्यच वाटतो. पण गाडी एका हुकुमाने थांबते, घोड्याची भूक तशी थांबत नाही. आता आपल्या वस्त्यांत घोडा दिसतो तो मुख्यत्वे वरातीत, आणि म्हणून त्याची जबाबदारीही मुख्यत्वे लग्नघरांवरच येते.

ही जबाबदारी केवढी, याचा साधा हिशेब करू. चांगली निगा राखल्यास घोडे पंचवीस-तीस वर्षे जगते. पंधरा-अठरा वर्षांनंतर वरातीचे काम त्याच्याकडून घेऊ नये म्हटले, तरी मागे दहा वर्षे उरतात. तीनशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला पाचसहा किलो कोरडा चारा लागतो. सहा किलो धरले तर दहा वर्षांचे म्हातारपण म्हणजे सुमारे बावीस टन चारा झाला. पाणी रोज पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात अधिक. नुसत्या कनवाळूपणाने घोडी दारात बांधून भागत नाही, ते यासाठी.

चाऱ्याइतकेच दातांना महत्त्व आहे. म्हातारपणी दाढांना धारदार टोके येतात, गाल सोलतात, चावलेला चारा गोळे होऊन तोंडातून खाली पडतो, आणि समोर गवत असून जनावर वाळत जाते. वर्षातून एकदा पशुवैद्यांकडून दात तपासून दाढा कानसून घ्याव्यात. दातच उरले नसतील तर बारीक कुट्टी भिजवून द्यावी. खूर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून कापून घ्यावेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात चिखलात उभे राहून खूर कुजतात, म्हणून कोरडी, उंचवट्याची, मातीची जागा हवी. सिमेंटची फरशी म्हाताऱ्या सांध्यांना वैरीण. घोडे उभ्यानेही डुलकी घेते, परंतु गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते. सांधे दुखत असले की ते आडवे होण्यास भिते आणि झोपेविना झिजते. म्हणून खाली मऊ, जाड अंथरूण असावे. धनुर्वाताची लस चुकवू नये. नवे घोडे आणल्यास प्रथम वेगळे बांधून तपासून घ्यावे. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो. आणि एक गोष्ट पुस्तकी नाही, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली: घोडे हे कळपाचे जनावर आहे, त्याला एकटे ठेवू नये.

आमच्या त्या घोडीला एका सभासदांच्या आप्तांनी आपल्या शेतावर जागा दिली. तेथे एक म्हातारी गाढवी होती. महिन्याभरात दोघींची अशी गट्टी जमली की एकीला पाण्यावर नेले तर दुसरी ओरडे. घोडी तेथे तीन वर्षे राहिली. शेवटच्या पावसाळ्यात एके सकाळी ती उठू शकली नाही. दोन दिवस आम्ही दोर लावून, आधार देऊन प्रयत्न केले. पशुवैद्य म्हणाले, ही आता उठणार नाही, वेदना वाढतील, इंजेक्शनाने शांतपणे जाऊ द्या. आमच्यात दोन तट पडले. काहींना ते पाप वाटत होते. अखेर ज्या आजीबाईंनी पहिल्या दिवशी गूळ आणला होता त्याच म्हणाल्या, "तिला आपल्यासाठी जगवू नका." त्यांनी तिच्या कपाळाला हळद लावली, आणि मग आम्ही होकार दिला. तो निर्णय बरोबर होता असे आम्हांला वाटते. ज्यांना तसे वाटत नाही त्यांच्याविषयीही आमच्या मनात आदर आहे.

आता आमची मागणी. आपण घोड्यांसाठी मोठी संस्था उघडावी असे आम्ही म्हणत नाही. उत्साहाने उघडलेल्या आणि दोन वर्षांत चाऱ्यावाचून बंद पडलेल्या गोठ्यातील जनावरांचे हाल रस्त्यावरच्याहून वाईट होतात. आम्ही तीनच गोष्टी मागतो.

पहिली, ट्रस्टच्या सामुदायिक विवाहांत आणि आपापल्या घरच्या लग्नांत घोडी ठरविताना तिला पाहून ठरवावी. लंगडी, गाभण वा जखमी घोडी घेऊ नये. १९६५ च्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगाम वर्ज्य केला आहे. तो दिसल्यास काढावयास लावावा. पारा ३७ अंशांवर जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये असा त्याच नियमांचा दंडक आहे. तो ध्यानी घेऊन वरातीची वेळ ठरवावी. नवरदेवाच्या पुढे-मागे दोन भाचे बसवू नयेत, कानाशी फटाके लावू नयेत, आणि वरात थांबेल तेथे एक बादली पाणी ठेवावे. दुसरी, घोडीवाल्याशी घासाघीस करू नये. जनावर चांगले ठेवणाऱ्यास चार पैसे अधिक द्यावेत, आणि ते का दिले तेही सांगावे. तिसरी, ज्या घरातून वरात निघेल त्या घराने यथाशक्ती काही रक्कम ट्रस्टकडे वेगळ्या खात्यात ठेवावी. त्यातून थकलेल्या घोड्याचे दात, खूर, औषध आणि चारा यांचा खर्च, पांजरापोळीत असो वा मालकाच्याच दारात, भागवावा. मालकाला हात दिला तर तो घोडी रुळांवर सोडणार नाही, असा आमचा अनुभव सांगतो. आम्ही ज्यांच्या खोलीवर भांडावयास गेलो होतो ते गृहस्थ पुढे तीन वर्षे, दर अमावास्येला, त्या शेतावर चाऱ्याची एक पेंढी घेऊन येत असत.

आपल्या भाषेत उशिरा सुचलेल्या शहाणपणाला "वरातीमागून घोडे" म्हणतात. आमचे शहाणपण तसेच उशिराचे आहे. तरीही येत्या लग्नसराईस अजून अवकाश आहे. आपल्या मुलाला घोडीवर चढविताना एकदा तिच्या तोंडाकडे पाहावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.