सात वर्षांची हजेरी



वसंत व्याख्यानमालेचे हे व्यासपीठ विद्वानांचे आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले आणि जिनाच्या फाटकावर पुष्कळ झाले. कायदा आम्ही शिकलो तोही कामगारांचे दावे चालविता चालविता. तेव्हा व्याख्यानात अलंकार सापडणार नाहीत. हिशेब मात्र चोख मांडण्याचा प्रयत्न करू.

परक्या देशाची नागरिक असलेली मुलगी लग्न करून आपल्याकडे सून म्हणून येते. तिला येथे कायमचे राहण्याचा हक्क कसा मिळतो आणि तो कोठे अडतो, हा आजचा विषय आहे. कामगार चळवळीच्या माणसाचा या प्रश्नाशी काय संबंध, असे कोणी विचारील. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित झालेली कुटुंबे अमरावतीच्या रामपुरी कॅम्पात आणि अकोल्याच्या सिंधी कॅम्पात येऊन वसली. त्यांच्यापैकी सगळेच दुकानदार झाले नाहीत; कित्येक दुसऱ्याच्या दुकानात माप टाकणारे नोकर राहिले. काही घरांची सोयरीक अजूनही सिंधमध्ये जुळते. नवरा आमच्या युनियनचा सभासद असला म्हणजे त्याच्या बायकोचा कागद आमच्या टेबलावर येतो. मग तो वाचावाच लागतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. लग्न लागले की बायको आपोआप भारताची नागरिक होते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. अमेरिकेत कायम रहिवासाचे जसे कार्ड मिळते, तसा दर्जाही आपल्या कायद्यात अशा सुनेसाठी नाही. पाकिस्तानातून आलेल्या सुनेला दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो. त्याची मुदत वाढवून घ्यायची, पोलिसांच्या परकीय नागरिक नोंदणी शाखेत नोंद ठेवायची, आणि पुढे नागरिकत्वासाठी अर्ज करायचा. अमरावती शहरात यासाठी पोलीस आयुक्तालयात जावे लागते, अकोल्यात पोलीस अधीक्षकांकडे.

नागरिकत्वाचा अर्ज 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमाखाली होतो. त्यासाठी सात वर्षांचा रहिवास लागतो. त्याची मोजणी अशी : अर्जाच्या लगत आधीचे बारा महिने सलग, आणि त्यापूर्वीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षे. गिरणीतल्या माणसाला हा हिशेब लगेच उमगेल. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, 240 दिवस अखंड काम केलेल्या बदली कामगाराला कायम करावे, असे कलम होते. मालक काय करीत? दोनशेतिसावा दिवस उजाडला की त्याला ब्रेक देत, म्हणजे हजेरी पुन्हा पहिल्यापासून. येथे मालक नाही; पण शेवटच्या बारा महिन्यांत सून भावाच्या लग्नाला माहेरी गेली की हजेरी तुटते. 2015 च्या दुरुस्तीने, विशेष कारण असल्यास, तीस दिवसांपर्यंतची सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. बाळंतपण, बापाचे आजारपण, भावाचे लग्न, हे सगळे त्या तीस दिवसांत बसवायचे.

सात वर्षे पुष्कळ झाली, अशी आमची तक्रार नाही. तक्रार दोन शब्दांची आहे. 1955 चा मूळ कायदा म्हणत होता की, भारतीय नागरिकाशी ज्यांचा विवाह झालेला आहे किंवा पूर्वी झालेला होता, अशा स्त्रियांना नोंदणीने नागरिकत्व मिळू शकेल. 1986 च्या दुरुस्तीने स्त्रियांच्या जागी व्यक्ती हा शब्द आला, म्हणजे परदेशी नवऱ्यालाही वाट मोकळी झाली. ही गोष्ट न्यायाची झाली. त्याच दुरुस्तीने पाच वर्षांच्या रहिवासाची अट आली. 2003 ची दुरुस्ती 3 डिसेंबर 2004 रोजी अमलात आली. तिने पाचाची सात वर्षे केली, आणि 'पूर्वी विवाह झालेला होता' हा भाग गाळला. आता कायदा म्हणतो, विवाहित असलेली व्यक्ती. हा गाळलेला भाग कोणाचा होता? विधवेचा होता आणि टाकलेल्या बाईचा होता.

आमच्या माहितीतील एक उदाहरण सांगतो. एका कापड दुकानातील नोकराची बायको सिंधची होती. सहा वर्षे तिने येथे संसार केला. सातव्या वर्षी नवरा हृदयविकाराने गेला. मूल भारताचे नागरिक, सासू भारताची नागरिक. सातवे वर्ष पुरे झाल्यावर तिने विचारले, आता अर्ज भरू का? कायदा शब्दशः वाचला तर उत्तर नाही असे येते. मुलाची आई म्हणून या कलमात तिला जागा नाही. उरते ती दूरची वाट : लगतचे बारा महिने आणि त्यापूर्वीच्या चौदा वर्षांतील अकरा. 2019 च्या दुरुस्तीने तीन देशांतील सहा धर्मांच्या लोकांसाठी ही मुदत कमी केली खरी. पण ती 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांसाठी. ही बाई त्यानंतर आली होती. ती आम्हांस एवढेच म्हणाली, "काका, हजेरी माझी होती ना? मग ती त्यांच्याबरोबर कशी गेली?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आता वऱ्हाडातून अमेरिकेस जाणाऱ्या आपल्या मुलींकडे पाहा. तेथील नागरिकाशी लग्न झाले तरी, लग्नाला दोन वर्षे झालेली नसली तर, 1986 च्या कायद्याने पहिली दोन वर्षे सशर्त रहिवास मिळतो. शर्त काढण्यासाठी नवराबायकोने मिळून अर्ज करायचा. कायदा कडक आहे. पण नवरा मेला तर विधवेला दोन वर्षांच्या आत स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो. नवरा छळ करीत असेल तर 1994 च्या कायद्याने त्याच्या सहीवाचून तिला अर्ज करता येतो. आपली लेक परक्या देशात विधवा झाली तर तिला आधार असावा, असे आपणांस वाटते. मग दुसऱ्याची लेक आपल्या देशात विधवा झाली तर?

कोणी म्हणेल, नागरिकत्व स्वस्त करू नका. हा विचार वऱ्हाडला नवा नाही. ऑगस्ट 1949 मध्ये संविधान सभेत आपले डॉ. पंजाबराव देशमुख यांनीच, मसुद्यातील तरतुदींनी भारताचे नागरिकत्व फार स्वस्त होईल, असा जोरदार आक्षेप घेतला होता. त्या आक्षेपाचा मान आम्ही राखतो. पण येथे फुकट कोण मागतो? सात वर्षांची किंमत त्या बाईने दिवसादिवसाने मोजली आहे. चौकशी करा, कागद तपासा, लग्न खोटे असेल तर अर्ज फेटाळा. परंतु खऱ्या संसाराची हजेरी नवऱ्याच्या चितेवर जाळू नका.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर घराघरांतून चार गोष्टी सांभाळा. लग्नाची नोंद करा. महाराष्ट्रात त्यासाठी 1998 चा कायदा आहे. नवऱ्याच्या नागरिकत्वाचा पुरावा, म्हणजे त्याच्या जन्माचा दाखला किंवा पासपोर्ट, आताच काढून ठेवा. सुनेचा पासपोर्ट आणि व्हिसा एक दिवसही मुदतीबाहेर जाऊ देऊ नका. मुदत उलटली की कायदा तिला अवैध स्थलांतरित ठरवू शकतो, आणि 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्या मुलाचे आई किंवा बाप अवैध स्थलांतरित असल्यास ते मूल येथे जन्मूनही जन्माने नागरिक होत नाही. आईच्या एका चुकलेल्या तारखेचा दंड मुलाला भरावा लागतो. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले, तेव्हा हिंदू निर्वासितांचे दीर्घ मुदतीचे व्हिसे कायम राहिले. त्या आठवड्यात आपला कागद कोणत्या प्रकारचा, यावर माणसाचे घर अवलंबून होते. चौथी गोष्ट : सात वर्षे भरताच अर्ज करा. उद्यावर टाकू नका. उद्या कोणाच्या हातात आहे?

मित्रहो, हा प्रश्न मूठभर घरांचा आहे म्हणून त्याला मोर्चा मिळत नाही. पण युनियनने आम्हांस एक गोष्ट शिकविली : एका बदलीवाल्याचा ब्रेक खपवून घेतला की उद्या सगळ्या खात्याची हजेरी मालकाच्या मर्जीवर जाते. म्हणून आपल्या जिल्ह्यांच्या खासदारांकडे आमची मागणी एवढीच आहे : 1955 च्या कायद्यात जे होते ते परत आणा. ज्यांचा विवाह झालेला होता, त्यांनाही अर्जाचा हक्क द्या. ज्याने दिवस भरले, हक्क त्याचा.