‘ऑफिसातलं राजकारण’ कुणाचं?

(परळ येथे नोकरदार स्त्रियांच्या बैठकीत केलेलं भाषण)



‘ऑफिसात राजकारण फार’ असं आपण सगळ्याच म्हणतो. त्याला जोडून ऐकू येतं, ‘चार बायका जमल्या की कुचाळक्या होणारच.’ माझं भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे.

आपण परळमध्ये बसलोय. इथल्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका काम करायच्या. त्यांच्यावर नायकीण असे. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला परत पाठवायचं हे बरंचसं तिच्या हातात. मग तिची मर्जी सांभाळा, वेळेला पैसे चारा. पुरुषांच्या खात्यांत जॉबर हेच करायचा, तेव्हा यात बाईचा स्वभाव वगैरे काही नाही! १९३१ च्या रॉयल लेबर कमिशनने भरतीचं काम जॉबरकडून काढून घ्यायला सांगितलं. १९३५ पासून बदली कामगारांची नोंद ठेवायला सुरुवात झाली. तरी जॉबरचं वजन लगेच उतरलं नाही. कारण मालकाला कामगार दिसायचा तो या मधल्या माणसाच्या डोळ्यांनी.

गिरण्यांच्या आवारात आता काचेची ऑफिसं आहेत. अशाच एका ऑफिसच्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे ही समिती लागते. एका बाईंनी वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली. ओळख पटेल असं काही सांगणार नाही, कायद्यालाही ते चालत नाही. दोन सहकारी साक्षीला तयार होत्या. चौकशी सुरू झाली आणि दोघींना काही आठवेनासं झालं. मला रागच आला. मग कळलं, वार्षिक मूल्यमापन तोंडावर होतं आणि ते लिहिणार होते तेच वरिष्ठ. एकीच्या डोक्यावर घराचा हप्ता, दुसरीचा करार मार्चमध्ये संपणारा. व्यवस्थापनातले एक गृहस्थ मला म्हणाले, “मॅडम, हे बायकांचं आपसातलं राजकारण आहे.”

या कायद्याच्या नियमांत एक तरतूद आहे, फारशी कुणी वाचत नाही. तक्रारदार बाईने लेखी मागितलं तर चौकशीच्या काळात तिच्या कामाचा अहवाल त्या वरिष्ठाने न लिहिता दुसऱ्याने लिहावा, अशी शिफारस समिती करू शकते. आम्ही ती केली. पण ती तक्रारदारापुरती. साक्षीदारांचं काय? त्या दोघींसाठीही तसंच करा, असं पत्र आम्ही व्यवस्थापनाला दिलं.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. मला नेमतं व्यवस्थापन, मानधन देतं तेही व्यवस्थापन. मुदत संपल्यावर पुन्हा बोलावतील का, हा विचार त्या दिवसांत माझ्याही मनात येऊन गेला. खोटं कशाला सांगू? त्या दोघींवरचा राग तिथेच गेला.

अखेर पत्र मान्य झालं. हप्तेवाली पुढे आली, सगळं सांगितलं. दुसरी आली नाही. मार्चमध्ये तिचा करार वाढवला नाही. तिचं कुणाशी पटतच नव्हतं, असं आता ऑफिसात सांगतात.