स्वागताध्यक्षांचे मनोगत



राज्यभरातून आलेल्या इंग्रजीच्या शिक्षकांचं नाशिकमध्ये स्वागत. 'मॅकबेथ'चा 'राजमुकुट' करणारे वि. वा. शिरवाडकर इथलेच. विहितगावला जन्मलेले बाबूराव बागूलही इथलेच. त्यांचा १९६३चा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह जेरी पिंटो यांनी इंग्रजीत नेला, तो २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. नाशिकच्या मुलांना आता इंग्रजीच्या तासालाही बागूल वाचता येतील, याचा मला मनापासून आनंद आहे.

या मुलांपैकी कुणी घरी अहिराणी बोलतं. कुणी सुरगाणा-पेठकडून आलेलं, कोकणा बोलणारं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांच्या घरी भोजपुरी, मालेगावच्या कितीतरी घरांत उर्दू. इंग्रजी यांतल्या कुणाच्याच घरची नाही. म्हणून त्या तासाला सगळे एका रेषेवर असतात, निदान असायला हवेत.

एनसीईआरटीच्या बारावीच्या 'व्हिस्टाज'मध्ये दोन लेखिकांच्या बालपणीच्या आठवणी शेजारी-शेजारी दिल्या आहेत. अमेरिकेतल्या मूलनिवासी झित्काला-शा यांचे केस निवासी शाळेत बळजबरीने कापले गेले. त्यांच्या लोकांत केस कापतात ते शोक करणाऱ्याचे किंवा भेकडाचे. ती पोर पलंगाखाली लपते, तिला ओढून बाहेर काढतात, खुर्चीला बांधतात. दुसऱ्या आहेत तमिळ दलित लेखिका बामा. शाळेतून घरी यायची वाट दहा मिनिटांची, पण बाजारातली गंमत बघताना त्यांना अर्धा तास तरी लागायचाच. वाचताना आपणही त्यांच्याबरोबर रेंगाळतो. मग एक वयस्कर माणूस खाऊची पुडी नुसत्या दोरीला धरून, हात न लावता जमीनदाराकडे नेताना दिसतो. मुलीला हसू येतं, आपल्यालाही. त्यामागचं कारण घरी मोठा भाऊ सांगतो, आणि आपलंच हसू आपल्याला टोचतं.

हा धडा आपण कसा शिकवतो? 'दोघींच्या अनुभवांतलं साम्य लिहा' एवढ्यावर तास संपला, तर हाती चार मार्कांचं उत्तर उरतं. त्याहून वाईट म्हणजे वर्गातल्या एखाद्या मुलीकडे वळून 'तू आश्रमशाळेतली ना, मग तूच सांग' म्हणणं. हेतू चांगला असतो, पण सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघतो. तिला बोलावंसं वाटलं तर ती आपणहून बोलेल. आपण विचारायचं ते लेखिकेबद्दल: बामांनी आधी आपल्याला का हसवलं? बाजारावर इतक्या ओळी का खर्च केल्या? हे प्रश्न अहिराणी घरातल्या मुलाला आणि उर्दू घरातल्या मुलीला सारखेच खुले असतात. दलित, आदिवासी लेखनाकडे आपण फार वेळा नुसती कैफियत म्हणून बघतो. त्यातली कारागिरी मुलांना दाखवणं हे आपलं काम आहे, आणि त्या लेखकांचा तो हक्क आहे.

आज दुपारच्या सत्रात याच धड्यावर पाठ होतील. समोर आमचेच बारावीचे विद्यार्थी असतील. चर्चा ज्याच्या-त्याच्या बोलीत चालेल, उत्तरं इंग्रजीत लिहिली जातील. आपण पाठ बघावेत आणि जिथे खटकेल तिथे निःसंकोच सांगावं. आता संमेलनाध्यक्षांनी उद्घाटन करावं, अशी मी त्यांना विनंती करतो.