मोजे, मौजे आणि मोजा



विषयाचे नाव ऐकून मागल्या रांगेत काही मंडळी हसली, ते आम्ही पाहिले. युनियनचा माणूस बोनस आणि संप यांवर बोलायचा. तो पायमोज्यांवर आणि शब्दकोड्यांवर काय बोलणार? परंतु आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा म्हणजे चहाच्या दुकानातले वर्तमानपत्र व त्यातले कोडे. एका शब्दास दोन तोंडे असतात, हे आम्ही त्या चौकटींत शिकलो.

आता या गावाचेच पाहा. सरकारी कागदावर 'मौजे चिखले' असे लिहितात. त्यातली एक मात्रा पुसली की 'मोजे' झाले. शेवटची काढली की 'मौज' उरली. 'मौजे' हा मूळ अरबी शब्द, अर्थ ठिकाण. 'मौज'ही अरबीच, मूळ अर्थ लाट. 'मोजा' फारसी, तिकडे त्याचा अर्थ बूट. गाव आणि लाट या दोन्ही गोष्टी चिखल्यास आहेतच. तिसरीचे मात्र वाळूत नि चिखलात राबणाऱ्या पायांस कधी अडले नाही!

दुसरे कोडे घ्या. 'दोन अक्षरे; गवताची शेतात, सुताची अंगात.' उत्तर, गंजी. अंगातली गंजी सातासमुद्रापलीकडची. ग्वेर्न्सी बेटावरच्या विणलेल्या सदऱ्याचे नाव झिजून 'गंजी' झाले. गवताच्या गंजीचा इतिहास मात्र इथला. 1945 साली डहाणू-तलासरीच्या वारली बांधवांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वेठबिगार मोडली, आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी लढा दिला.

तिसरे कोडे आमच्या आयुष्यातले. 'पायात असतो, पगाराच्या दिवशी हुकूम होतो.' उत्तर, मोजा.

1989 साली आम्ही मुंबईत एका होजिअरी कारखान्यात नगावर कामास होतो. दरपत्रकात 'दर डझनास' एवढेच लिहिलेले. आम्ही डझन म्हणजे 12 मोजे धरले. मुकादमाने 12 जोड धरले. म्हणजे 24 मोजे विणावे, तेव्हा एका डझनाचे पैसे. वाद घातला, तर तो म्हणाला, "एका पायाने कोणी चालतो काय?" सगळे हसले. आम्हीही हसलो, आणि अर्धी मजुरी सोडून घरी आलो.

पुढे संघटना झाली, करार झाला. त्यात डझनापुढे 'म्हणजे 12 नग' हे शब्द आम्ही घालून घेतले. ते आम्हांस सुचले नव्हते. मोज्यांची बोटे शिवणाऱ्या एका बाईंस सुचले. बाईंस अक्षरओळख नव्हती. पण मोजता येत होते.

हे दुखणे जुनेच. विल्यम ली याने 1589 साली इंग्लंडात मोजे विणण्याचे यंत्र काढले. पुढे त्याच मुलुखात, नॉटिंगहॅमकडे, मजुरी घटली, हलके मोजे बाजारात आले, तेव्हा 1811 साली विणकरांनी यंत्रे फोडली. 1812 साली यंत्र फोडणाऱ्यास फाशीचा कायदा झाला. लॉर्डांच्या सभागृहात त्याविरुद्ध बोलला तो कवी बायरन.

आम्ही यंत्र फोडले नाही. एक शब्द फोडून पाहिला. तरुणांनो, कोड्यात दोन अर्थ निघाले तर खुशाल मौज करा. परंतु सहीसाठी कागद पुढे आला, तर प्रत्येक शब्द थांबून विचारा. आणि पैसे हाती पडले, की लाजू नका. मोजा.