वहीकडून फळ्याकडे
(देवळा येथे प्रभागसंघाच्या सभेत एका ताईंनी मांडलेलं मनोगत)



तुम्ही मला ‘वहीवाली ताई’ म्हणून ओळखता. सात वर्षं मी गटांची पुस्तकं लिहिली, सीआरपी म्हणून गावोगाव फिरले. त्याआधी दुसऱ्यांच्या शेतात कांदे लावायला, कापायला जायचे. आज नवी ओळख सांगते. वय ३३, दोन लेकरांची आई, आणि यंदापासून शिक्षिका होण्यासाठी शिकणारी विद्यार्थिनी.

हे डोक्यात आलं ते तुमच्यामुळेच. बैठकीत व्याज सांगताना मी आकडे नुसते वाचून दाखवत नव्हते. ‘शेकडा १ रुपया म्हणजे हजाराला १०, मग ५ हजाराला किती?’ असं विचारायचे. अंगठा लावणाऱ्या आजी बोटं मोजून ‘५०’ म्हणायच्या आणि पुढच्या बैठकीत स्वतःच माझी वही तपासायच्या. तेव्हा कळलं, मला वही लिहिण्यापेक्षा शिकवण्यात जास्त गोडी आहे.

दुसरं कारण आपल्या बोलीचं. आपल्या घरात लेकरू अहिराणी बोलतं. पहिलीत गेलं आणि ‘मी आठे बसू का?’ म्हणालं की बाकीची हसतात. मग ते गप्पच होतं, आणि आपण म्हणतो पोरगं कच्चं आहे. ते कच्चं नाही, त्याला फक्त ‘आठे’ म्हणजे ‘इथे’ हे सांगणारं कुणी हवं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे. दोन्ही बोली येणारी बाई वर्गात असली तर किती फरक पडेल!

आता वाट सांगते, कारण तुमच्यातल्या बारावी झालेल्या ताईंना ती उपयोगी पडेल. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर बारावीनंतर दोन वर्षांचं डीएलएड, म्हणजे पूर्वीचं डीएड. प्रवेशाला बारावीत खुल्या गटाला ४९.५ टक्के, मागासवर्गीयांना ४४.५ टक्के लागतात. नुसतं बीएड या वर्गांना चालत नाही, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये तसा निकाल दिला. मग टीईटी. पेपर पहिला, १५० गुणांचा. पास व्हायला ९० लागतात, मागासवर्गीयांना ५५ टक्के. हे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. त्यानंतर टेट नावाची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवरून निवड. सरकारी भरतीला वयाची अट असते, म्हणून मला आता थांबून चालणार नाही.

ताईंनो, यात नोकरीची हमी नाही. एवढं करूनही जागा निघण्याची वाट पाहावी लागते. कॉलेजला रोज जायचं, म्हणून सीआरपीचं मानधन बंद होणार. सासूबाई म्हणाल्या, “आते शिकीसन काय करशी?” त्यांचं चुकीचं नाही, घर त्यांनीच सांभाळायचं आहे. मी त्यांच्यापुढे हिशोब मांडला. गटाकडून ३० हजार कर्ज, पहिल्या महिन्याचं व्याज ३००. हप्ता मालकांच्या मजुरीतून आणि माझ्या शिलाईतून. त्यांनी वही दोनदा ऐकली आणि म्हणाल्या, “दोन वरीस.” मला तेवढी पुरतात.

गटाला माझं एक मागणं आहे. माझ्या जागी पुस्तकं लिहायला नवी ताई आजच निवडा. महिनाभर मी तिच्याशेजारी बसेन, रोखवही आणि कर्जखातं तिच्या हातात बसेपर्यंत.

आणि तुम्हाला, वाचणाऱ्या ताई, एवढंच सांगते. लग्नाआधीचं बारावीचं गुणपत्रक पेटीच्या तळाशी असेल, तर ते काढा. टक्के किती आहेत ते बघा. पुढचं आपण बैठकीत बोलू.