वजन आणि वस्तुमान

श्रोतेहो, मालेगावच्या बाजारात मापाडी म्हणतो, 'तुरीचे वजन 50 किलो.' वर्गात गुरुजी सांगतात, किलो हे वस्तुमानाचे एकक. पोरगा गोंधळणारच! माल किती, हे वस्तुमान. पृथ्वी तो किती जोराने ओढते, हे वजन. ते न्यूटनमध्ये मोजतात. 50 किलोला सुमारे 490. 2023 साली चंद्रावर उतरलेली आपली प्रज्ञान गाडी 26 किलोची. तिथेही 26 किलोच. वजन मात्र इथल्या सहाव्या हिश्श्याइतके. स्प्रिंगचा काटा तिथे फसेल. दोन पारड्यांचा तराजू फसणार नाही, कारण पलीकडची मापेही तितकीच हलकी होतील. शिक्षक बंधुभगिनींनो, मापाड्याला खोटे पाडू नका. बाजाराची भाषा निराळी. पण व्याख्या घोकून घेण्याआधी दोन्ही काटे मुलांच्या हाती द्या, आणि विचारा, चंद्रावर तूर विकत घ्यायची, तर कोणता काटा लावाल?