लांब पल्ल्याची बंदूक

इसवी सन 1779 च्या आरंभी बोरघाट चढून पुण्याकडे निघालेली इंग्रजी फौज मावळात अडकली. 4 जानेवारीस कार्ले येथे कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट पडला. त्याच्या शौर्यामुळे मराठ्यांच्या तोंडी त्याचे नाव ‘इष्टुर फाकडा’ असे झाले. झाडावर चढून टेहळणी करीत असता त्यास तोफेचा गोळा लागला, अशी कथा सांगतात. दूरचा एकच माणूस टिपणे शिपायाच्या बंदुकीस त्या काळी साधणारे नव्हते. इंग्रजी चकमकीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत व गोळी नळीहून लहान असे. शंभर यार्डांपलीकडे तिचा भरवसा नसे.

लांब पल्ल्याची शिकारी बंदूक जुळवून घेणाऱ्यापुढे आजही हाच प्रश्न असतो. पुष्कळजण प्रथम नळी पाहतात. वास्तविक आधी गोळी ठरवावयास हवी. लांबट, निमुळती गोळी हवेत आपला वेग टिकविते. परंतु ती स्वतःभोवती पुरेशी फिरली नाही, तर वाटेतच कोलमडते. हा फिरकीचा वेग नळीतील मळसूत्री खाचा देतात. कार्ल्याच्या प्रसंगानंतर शंभर वर्षांनी, 1879 मध्ये, वुलविचचे गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी त्याचे सूत्र सांगितले. गोळीची लांबी व्यासाच्या जितकी पट असेल, तिने 150 ला भागावे. जो आकडा येईल तितक्या व्यासांच्या अंतरात खाचेचा एक फेरा पुरा व्हावा. 7.62 मिलीमीटर व्यासाची गोळी चौपट लांब असेल, तर हे अंतर सुमारे 286 मिलीमीटर येते. म्हणजे गोळी, नळी आणि काडतूस ही निवड एकच होय, तीन नव्हेत.

दस्त्याची गोष्टही तशीच. अक्रोडाचे लाकूड देखणे खरे; पण मावळासारख्या पावसाळी हवेत लाकूड फुगते, नळीस रेटते आणि काल जुळलेला नेम आज सरकतो. म्हणून नळी व लाकूड यांत किंचित फट ठेवतात, किंवा कृत्रिम द्रव्याचा दस्ता घेतात. दुर्बीण कितीही किमती असली, तरी तिची बैठक ढिली असल्यास पैसा व्यर्थ जातो. चाप हलका असावा, परंतु धक्क्याने सुटेल इतका नसावा.

इतके साधल्यावरही गुरुत्वाकर्षण उरतेच. गोळीस अर्धा सेकंद लागला, तर ती नळीच्या रोखापासून सुमारे सव्वा मीटर खाली उतरते. अंतराचा अंदाज चुकला, की जनावर मरत नाही; जखमी होऊन रानात शिरते व तडफडत राहते.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद संपविला. ही विद्या येथे उरली ती नेमबाजीच्या मैदानावर. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने कांस्यपदक मिळविले, त्या 50 मीटरांच्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलीमीटरांचे असते. तेथे चुकलेल्या गोळीने केवळ गुण जातो. ज्या देशांत परवान्याने शिकार चालते, तेथे बंदूक जुळविणाऱ्याने म्हणून अखेरची निवड अंतराची करावी: गोळी कोठवर पोचते हे न पाहता, आपला हात कोठवर चुकत नाही, तेथेच थांबावे.